टोल फ्री क्रमांक कमी खर्चात चालू कसा ठेवावा?

सांगलीचा_मसालेवाला:
आमचा सांगलीजवळ मसाले आणि लोणची तयार करण्याचा लहान उद्योग आहे. वितरकांच्या आग्रहावरून आम्ही १८०० ने सुरू होणारा टोल फ्री क्रमांक घेतला आणि तो प्रत्येक पाकिटावर छापला. आता बहुतेक ग्राहक थेट व्हॉट्सॲपवर लिहितात आणि या क्रमांकावर दिवसाकाठी एखाद-दुसराच फोन येतो. तरीही मासिक भाडे, त्यात धरलेली आणि बहुतांशी वाया जाणारी मिनिटे, आणि वर कर असे बिल येतच राहते. क्रमांक सोडता येत नाही, कारण छापील पाकिटांचे रोल गोदामात पडून आहेत आणि बाजारात गेलेल्या मालाची मुदत एक वर्षाची आहे. क्रमांक हातात राहील, पण खर्च उतरेल, अशी काही व्यवस्था असते का? क्रमांक क्लाउड टेलिफोनी (इंटरनेटवरून चालणारी फोनसेवा) पुरवणाऱ्या एका मध्यस्थ कंपनीमार्फत घेतलेला आहे.

दूरध्वनी_जाणकार:
पैशांच्या आधी एक गोष्ट तपासावी: क्रमांकाचे वाटप मूळ दूरसंचार कंपनीकडे आपल्या उद्योगाच्या नावावर आहे की मध्यस्थाच्या नावावर? मध्यस्थाच्या नावावर असल्यास त्याने योजना बंद केली किंवा दर वाढवले, तर आपल्या हातात फारसे काही उरत नाही. भारतात क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे, पण ती मोबाइल क्रमांकांपुरतीच. अमेरिकेत १९९३ पासून टोल फ्री क्रमांक एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो, म्हणून तिथल्या व्यावसायिकांचे स्वस्त पर्यायांचे सल्ले वाचून आपण इथे बेत आखू नये. वाटपपत्र आणि केवायसीची कागदपत्रे मागून घ्यावीत व त्यांवर कोणाचे नाव आहे ते पाहावे.

आता खर्चाविषयी. १८०० क्रमांकाची स्वतःची अशी वेगळी तार नसते. फोन आला की दूरसंचार कंपनीची यंत्रणा नोंदवहीत पाहून तो आपण दिलेल्या नेहमीच्या क्रमांकाकडे वळवते. त्यामुळे केवळ या क्रमांकासाठी कार्यालयात वेगळी लँडलाइन किंवा जुना एक्स्चेंज-बॉक्स ठेवला असेल, तर तो खुशाल काढावा. पाकिटावरचा क्रमांक तोच राहील. बिलातील बाबी मात्र वेगवेगळ्या असतात: क्रमांकाचे भाडे, येणाऱ्या फोनचे मिनिटांचे पैसे आणि, क्लाउड सेवेत पुष्कळदा, फोन आपल्या मोबाइलकडे वळवण्याचे आणखी पैसे. ही तिसरी बाब कोटेशनमध्ये बारीक अक्षरांत असते. मध्यस्थाकडे लेखी विचारावे की मिनिटे न धरलेली, केवळ भाड्याची योजना आहे का, आणि वार्षिक रक्कम एकदम भरल्यास भाडे किती कमी होते. दिवसाला दोन फोन येणाऱ्याने मिनिटांचा गठ्ठा विकत घेण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

फोन वळवण्याऐवजी ध्वनिमुद्रित संदेश आणि निरोप नोंदवण्याची सोय ठेवली, तर फोन मोबाइलकडे वळवण्याचे पैसे वाचतात. निरोप ई-मेलवर येतो आणि आपण आपल्या मोबाइलवरून उलट फोन करू शकता. संदेश मात्र आटोपशीर असावा, कारण यंत्रणेने फोन उचलल्या क्षणापासून मिनिट मोजले जाते. स्वागत, घोषवाक्य आणि सनईचे सूर यांचे पैसे आपणच भरत असता.

वेष्टन_सल्लागार:
वरील सल्ल्याला कायद्याची बाजू जोडतो. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार तक्रारीसाठी संपर्काचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेल पाकिटावर छापणे आवश्यक आहे. तो क्रमांक टोल फ्री असावा अशी अट नाही. म्हणजे पुढच्या छपाईत साधा मोबाइल क्रमांक चालेल. परंतु आवश्यक मजकूर बदलण्यासाठी पाकिटावर सुटी चिकटपट्टी लावण्यास हेच नियम मनाई करतात. कमाल किरकोळ किंमत कमी करण्यासाठी तेवढी सवलत आहे. त्यामुळे जुन्या रोलवर नव्या क्रमांकाचे स्टिकर मारून मोकळे व्हावे, हा सोपा वाटणारा मार्ग आपण धरू नये. रोल संपेपर्यंत, आणि त्यांत भरलेल्या शेवटच्या मालाची मुदत उलटेपर्यंत, क्रमांक लागत राहिला पाहिजे. सोडलेला क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि लोणच्याची तक्रार घेऊन आलेला माणूस भलत्याच ठिकाणी पोहोचू शकतो, हेही लक्षात घ्यावे.

सांगलीचा_मसालेवाला:
आपल्या सविस्तर उत्तरांबद्दल आभार. आणखी दोन शंका आहेत. १८०० ऐवजी १८६० ची मालिका घेतल्यास खर्च ग्राहकाकडे जातो असे ऐकले; ते आमच्या उपयोगाचे आहे का? आणि फोन न उचलता, फोन करणाऱ्याला व्हॉट्सॲपचा दुवा एसएमएसने आपोआप पाठवता येईल का?

दूरध्वनी_जाणकार:
१८६० वर फोन करणारा स्वतः पैसे भरतो हे खरे आहे, पण तो वेगळा क्रमांक असेल. आपली अडचण छापलेल्या क्रमांकाची आहे, त्यामुळे तो पर्याय इथे गैरलागू आहे. एसएमएस पाठवता येतो; मात्र व्यावसायिक संदेशांसाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१८ च्या नियमांनुसार उद्योगाची, संदेशाच्या शीर्षकाची आणि मजकुराच्या नमुन्याची डीएलटी मंचावर (दूरसंचार कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणी करावी लागते. इतक्या थोड्या फोनसाठी तो खटाटोप परवडत नाही. मुद्रित संदेशातच व्हॉट्सॲप क्रमांक सावकाश दोनदा सांगावा.

लघुउद्योजिका_नाशिक:
आमच्याकडे पापड-कुरडयांच्या पाकिटांवर असाच क्रमांक आहे. माझ्या मते निव्वळ निरोपावर सगळे सोपवू नये. आमच्या ग्राहकांत वयस्कर बायका पुष्कळ आहेत, आणि यंत्राशी बोलायचे म्हटले की त्या फोन ठेवून देतात. आम्ही वेळेप्रमाणे मार्ग बदलण्याची सोय वापरतो: सकाळच्या ठरावीक वेळेत फोन माणसाकडे येतो, उरलेल्या वेळी संदेश वाजतो. विनाकारण वारंवार फोन करणारे क्रमांकही रोखून ठेवले आहेत, कारण त्यांचे पैसेही आमच्याच बिलात येत होते. आणखी एक: बिलावरील अठरा टक्के जीएसटीची वजावट आपल्याला मिळते का, हे आपल्या कर सल्लागाराला विचारावे, आपण कंपोझिशन योजनेत (लहान उद्योगांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत) असाल तर ती मिळत नाही, आणि मग दरांची तुलना करसहित रकमेवरच करावी लागेल.