प्रति: वेल्डिंग टेबलाला प्लेट किती जाडीची?
वेल्डिंग टेबलाला ६ मिमीची प्लेट पुरते असं इथे म्हटलंय, ते गेट-खिडक्यांच्या कामापुरतं पटतं. पण ती फ्रेमला कशी जोडता, हेही तितकंच महत्त्वाचं. मी इथे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतून ४ बाय २ फुटांची १० मिमी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) प्लेट आणली, वजन साधारण ५८ किलो. खालून चारही बाजूंनी सलग वेल्ड मारला. थंड होताना वेल्ड आकसला आणि प्लेट मधोमध चक्क दीड मिमी फुगली! शेवटी बदलावीच लागली. नव्या प्लेटला सलग वेल्डऐवजी फक्त इंचभराचे तुटक वेल्ड, म्हणजे टाके दिले, तेही समोरासमोर आलटून पालटून. वर्ष झालं, सरळ पट्टी ठेवली तरी फट दिसत नाही.

आणि फ्रेमला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप स्वस्तात मिळाला तरी कृपा करून घेऊ नका. वेल्ड करताना निघणाऱ्या जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.