कुत्रं आपलं, ताट कुणाचं?

तिसरं गेट
परवा बेळगावात कॅम्पातल्या दुकानात शेजारचा पोरगा लॅब्राडॉरच्या पिल्लासाठी तयार खाण्याची तीन किलोची पिशवी घेत होता. भिंतभर वेगवेगळ्या पिशव्या. घरी येऊन या पिशव्यांचा मालक कोण ते बघत बसलो. पेडिग्री, व्हिस्कास, रॉयल कॅनिन, तिन्ही मार्स कंपनीच्या. स्निकर्स चॉकलेटही त्यांचंच. (चॉकलेट कुत्र्याला विष, ते असो.) प्युरिना २००१ पासून मॅगीवाल्या नेस्लेकडं. मार्सनं २०१७ मध्ये अमेरिकेतली व्हीसीए ही जनावरांच्या दवाखान्यांची साखळी सुमारे ९ अब्ज डॉलरला घेतली. म्हणजे खाऊ घालणारा तोच, तपासणाराही त्याच्याच पगारावर. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाचे आकडे बघा: मोठ्या समूहांकडं २०१३ मध्ये १० टक्के दवाखाने होते, २०२४ पर्यंत जवळपास ६०.

साबण नाही पटला तर मी दुसरा आणतो. इथं खाणारा एक, पैसे मोजणारा दुसरा. कुत्रं कधी पिशवी परत करतंय? असला बाजार चार हातांत गेल्यावर पाळणं योग्य आहे का, एवढंच विचारतो.

शहापूरची सून
योग्य आहे. आमच्याकडं मोत्या होता. उरलेला भात, आमटी, सणाला पोळीचा तुकडा. पाठीवरचे केस गेलेले, खाजवून खाजवून कातडं लाल. त्याच्या आधीच्या कुत्रीची चारातली तीन पिल्लं पार्व्हो रोगानं गेली. रक्ताचे जुलाब, आणि मी परातीत पाणी घेऊन बसलेली. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी ती परात धुवायला यावं. आता लस आहे, खाण्यात मोजून घातलेलं कॅल्शियम आहे. कुणी कमावत असेल तर कमावू दे.

ऊसकरी निपाणी
वहिनी, लस वेगळी नि मक्तेदारी वेगळी. आमचा ऊस तुटला की वाळायला लागतंय, वजन घटतंय. काटा कारखान्याचा, उसात साखर किती, तो उतारा बी त्येंनीच काढायचा. थांबायला वेळ न्हाई म्हणूनच तर समोरचा दाबतोय. पण मी निदान ट्रॅक्टर आडवा लावून रस्त्यावर बसतो की. कुत्रं कुठं बसणार?

खानापूरकर
सगळे कंपनीवर घसरलात. गळ्यातली साखळी कुणाच्या हातात आहे? कधी खायचं, कधी मुतायचं, वीण होऊ द्यायची की नाही, शेवटचं इंजेक्शन कधी, सगळं मालक ठरवतो. मार्सकडंसुद्धा एवढी सत्ता नाही. टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर एप्रिलात हस्की बघितलं. बर्फातलं जनावर, फरशीला पोट लावून धापा टाकत होतं. मालक मात्र गॅलरीत फोटो काढत होते! आणि आपलं मुधोळ जातीचं कुत्रं? शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, २००५ मध्ये टपाल तिकिटावर आलेलं, तिम्मापूरला त्यासाठी सरकारी केंद्र आहे. ते कुणाला नको. फोटोत बारीक दिसतंय म्हणे.

तिसरं गेट
साखळीचं मान्य. हा मुद्दा मी चुकवला होता. पण मुधोळचं कौतुक जरा बेतानं. घोरपडे संस्थानिकांनी ती जात नावारूपाला आणली, म्हणजे सत्ता तिथंही होतीच. आणि शिकारीमागं धावायला घडलेलं जनावर दोन खोल्यांत बांधणं हा हस्कीपेक्षा कमी जुलूम नव्हे.

तरी मालक आणि कंपनी एकाच तराजूत नकोत. मालक वाईट निघाला तर एक कुत्रं भोगतं, आणि गल्ली त्याला चार शब्द सुनावते. पिशवीत खोट निघाली तर एकाच दिवशी हजारो ताटांत ती जाते, आणि पिशवी बदलून बघावी तर दुसरीचाही मालक तोच.

डबल भजी
आमच्या गल्लीतल्या काळ्याला सगळ्या घरांतून मिळतं. मालक नाही, कंपनी नाही. मस्त चाललंय.

शहापूरची सून
काळ्या गाडीखाली आला तर दवाखान्यात कोण नेणार, तेही लिहा भाऊ. गल्ली?

आणि तिसरं गेट, आता मला नीट सांगा. उद्यापासून पिशवी बंद. भात किती, अंडी किती, कॅल्शियम कुठून? मापासकट सांगा.

तिसरं गेट
कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट घालू नका, एवढं ठाऊक आहे. माप मला येत नाही. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात विचारून येतो. तिथं निदान पिशव्यांची भिंत नसते.

शहापूरची सून
सकाळी लवकर जा. नऊनंतर म्हशींची रांग लागते.