दीव सुलतान रुमलू: फौज, पद, बालराजा सगळं हातात असून संपला कसा?

मांडवीकाठ (पणजी): वाचनालयात आदिलशाहीवर बोलायचंय, म्हणून इराणचे सफवी राजे वाचायला घेतले. तिथे हा दीव सुलतान भेटला. (आधी वाटलं, आपल्या ‘गोवा, दमण, दीव’मधलाच कोणी!) 1524मध्ये शाह इस्माईल वारला, त्याचा मुलगा तहमास्प दहा वर्षांचा, कारभार याच्याकडे. 1527मध्ये दरबारातच याचा खून. फौज याची, मुलगा याच्या ताब्यात. मग अडलं कुठे?

फोंड्याचा_मास्तर: फौज याची? कुठली! सफवींची फौज म्हणजे किझिलबाश: रुमलू, उस्ताजलू, तक्कलू, शामलू अशा तुर्कमान टोळ्या. डोक्यावर लाल टोपी एकच, पण माणूस आधी आपल्या अमीराचा, म्हणजे टोळीच्या सरदाराचा. इस्माईल त्यांचा पीरही होता. 1514मध्ये चाल्दिरानच्या लढाईत तो ऑटोमन तुर्कांकडून हरला आणि तो दराराही ओसरला. पोराला कोण भिणार?

दीव सुलतान तहमास्पचा लाला, म्हणजे सांभाळणारा पालक. त्याने उस्ताजलूंचा कोपेक सुलतान आणि तक्कलूंचा चुहा सुलतान यांना कारभारात घेतलं. पुढे उस्ताजलूंच्या जहागिरींवर हात पडला, 1526मध्ये आपसातच लढाया पेटल्या आणि त्यात कोपेक गेला. उरले दोघे. चुहाने तलवार उपसलीच नाही, तो तहमास्पच्या कानाला लागला: सगळ्या भांडणाचं मूळ हा दीव सुलतान. तेरा वर्षांच्या शहाने भर दरबारात आपल्या लालावर स्वतः बाण सोडला, पुढचं काम इतरांनी उरकलं. माझ्या मते मुलगा ताब्यात असणं हीच त्याची सगळी पुंजी होती, आणि मुलगा मोठा होतो हे तो विसरला.

जुनी_पोथी (म्हापसा): मग चुहाचं फावलं म्हणायचं?

फोंड्याचा_मास्तर: तीनेक वर्षं. शामलूंशी झालेल्या झटापटीत तोही गेला, वर तक्कलूंची कत्तल झाली. मग शहाचा आतेभाऊ हुसेन खान शामलू आला. त्यालाही तहमास्पने मारवलं आणि पुढे 1576पर्यंत स्वतः राज्य केलं.

मांडवीकाठ, तुम्ही विजापूरचा कमाल खान घ्याच. 1510, म्हणजे गोवा पोर्तुगिजांकडे गेला तेच साल. गादीवर लहानगा इस्माईल आदिलशहा, पालक कमाल खान, आणि त्याला स्वतःलाच गादी हवी. पण तिथे मुलाची आई बुबूजी खानम खमकी होती, तिने त्याचाच काटा काढला. पुढे याच इस्माईलने आपल्या सैन्याला सफवींसारखी बारा टोकांची टोपी घालायला लावली.

मांडवीकाठ: मग सुरुवात बुबूजीपासूनच करतो. इराण मागाहून.