बाणाच्या दांडीला कुठलं लाकूड घ्यावं?

प्रश्न (ठाणे): 35 पाउंडचं (म्हणजे दोरी ताणायला तेवढा जोर लागणारं) लाकडी धनुष्य आहे, वखारीत सागाच्या पट्ट्या मिळतायत, चालतील का?

उत्तर: साग नको रे, जड पडतो, बाण लवकर खाली येतो. पाइन किंवा स्प्रूस बघ, अमेरिकेत पोर्ट ऑरफर्ड सीडर फार आवडीने वापरतात. पण सगळ्यात आधी लाकडातल्या रेषा बघ, टोकापासून टोकापर्यंत सरळ हव्यात, मध्येच तिरक्या बाहेर निघाल्या तर सोडताना दांडी तुटून हातात घुसू शकते, इथे तडजोड अजिबात करू नकोस. गाठवाला तुकडा तर घेऊच नको.

उत्तर (ऐरोली): बांबू का नाही? नीट सुकवून, विस्तवावर शेकून सरळ होतो, आणि चिवट असतो. फक्त सगळ्या दांड्या सारख्याच वाकतायत ना ते वजन टांगून तपासा, नाहीतर एक बाण डावीकडे, एक उजवीकडे.

प्रश्नकर्ता: बांबू कापल्यावर किती दिवस सुकवायचा, सावलीत ना?

उत्तर (ऐरोली): सावलीतच, महिने लागतात, उन्हात तडकतो.