खोडदच्या स्टॉलवर मुलांनी लोकांशी बोलायचं कसं, हे कसं शिकवता?

मी बीएस्सी फिजिक्सला शिकवते. २८ फेब्रुवारीला जीएमआरटीच्या (खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण) विज्ञान प्रदर्शनात आमची मुलं स्टॉल लावतात. मागे एका आजोबांनी विचारलं, एवढी ४५ मीटरची तबकडी पण नुसती जाळीच, मग लहरी गळून नाही जात का? इतका भारी प्रश्न आणि आमच्या टॉपरने सुरुवात केली ती थेट इंटरफेरोमेट्रीपासून (अनेक अँटेनांचे सिग्नल एकत्र जोडायची पद्धत), आजोबा दोन मिनिटांत चहाला 😅 यांना कसं शिकवू?

चहाबाज: आजोबांना चाळण दाखवायची ना. अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी रेडिओ लहर २१ सेंमी लांब, जाळीची भोकं एक-दोन सेंमीची. गहू वर राहतो, पीठ पडतं. संपलं.

लॅबवाला: संपलं कसं, गहू नुसता अडतो, लहर परत फिरून वर फोकसला जाते म्हणून तर अँटेना चालते! उपमा द्या पण ती कुठं तुटते तेही मुलांना माहीत पाहिजे, नाहीतर पुढचा प्रश्न आला की गडबड.

जुन्नरकर: मी एक करतो, मुलांना सांगतो घरी आजीला किंवा शेजारच्या काकूंना समजवा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा. वर्गात ऐकताना आजी कुठं नुसतं "हं हं" करायला लागते ते बरोब्बर कळतं, तिथंच थांबवायचं. मार्क मी आजीने किती प्रश्न विचारले त्यावर देतो, मुलं चिडतात 😄

मूळ प्रश्नकर्ती: आजीचं उद्याच करते. चाळण पण घेऊन जाईन.