इन्सुलिन पेनचं बटण शेवटपर्यंत दाबलं जात नाही, बाहेरून लिव्हर बसवायची आहे. मदत हवी

उद्यमनगरी_जिगवाला:
नमस्कार मंडळी. माझं कोल्हापुरात उद्यमनगरात जिग-फिक्श्चरचं छोटं वर्कशॉप आहे. पंपाच्या इम्पेलरपासून इंजिनाच्या हेडपर्यंत कशालाही पकडायची सोय करून देतो, पण दवाखान्याच्या वस्तूला आजवर हात लावलेला नाही. म्हणून इथं विचारतोय.

मावशी मंगळवार पेठेत एकटी राहते. मधुमेह जुना, त्यात संधिवातानं दोन्ही अंगठे वाकलेत. सकाळी २४ आणि रात्री १६ युनिट, ३०/७० चं (दोन प्रकार मिसळलेलं) गढूळ इन्सुलिन पेननं घेते. डायल फिरवता येतं, सुई टोचता येते, पण बटण पूर्ण खाली जात नाही. मध्येच अंगठा सुटतो आणि किती औषध गेलं ते तिलाच कळत नाही. शेजाऱ्यांना रोज दोनदा हाक मारायची तिला लाज वाटते.

पेन उलटं धरून, सुई वर करून, बटण किचनच्या डिजिटल काट्यावर टेकवून दाबलं. काटा दोन-अडीच किलो दाखवतो, जोरात ढकललं की अजून वर जातो. मावशीचा अंगठा त्याच काट्यावर किलोभरातच थकतो. २० युनिट डायल केले की बटण व्हर्नियरवर ८ मिमी बाहेर येतं.

पेनला बाहेरून क्लॅम्प आणि १:३ ची लिव्हर, मुठीनं आवळायची, असा नमुना थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये काढलाय. तो अर्ध्यातच अडकतो, पेनच्या खिडकीतला उरलेल्या युनिटचा आकडा १० च्या आसपास थांबतो. लिव्हर सोडून स्प्रिंग घालू का? अडकतंय कशानं? आणि बाहेरून जोर दिल्यावर डोस बरोबर पडतोय हे तपासायचं कसं? पेन उघडणार नाही, आतल्या कशालाही हात लावणार नाही, एवढं पक्कं आहे.

रंकाळा_टाइम:
भावा, एवढा उपद्व्याप कशाला? पेनमधल्या औषधाच्या नळीच्या, म्हणजे कार्ट्रिजच्या, रबरातून साध्या सिरिंजनं ओढून घ्यायचं की. आमच्या गल्लीत एकजण तसंच करतोय.

वॉर्डातली_ताई:
रंकाळा, हे कुणाला सांगू नका, कळकळीनं सांगते. पेनच्या कार्ट्रिजमध्ये मिलीला १०० युनिट असतात. आपल्याकडं बाटलीचं इन्सुलिन बहुतेक मिलीला ४० युनिटचं, आणि मेडिकलवाला देतो ती लाल टोपीची सिरिंज त्या ४० च्या हिशेबानं आखलेली. तिच्यात २४ च्या रेघेपर्यंत ओढलं तर ०.६ मिली येतं, म्हणजे कार्ट्रिजमधलं असेल तर ६० युनिट. अडीच पट. एकट्या राहणाऱ्या बाईची साखर रात्री इतकी उतरली तर कुणाला पत्ताही लागणार नाही. गल्लीतल्या त्या माणसालाही आजच सांगा.

जिगवाले दादा, तुम्हाला दोनच प्रश्न. मावशी सुई कधी बदलतात? आणि पेन कुठं ठेवतात?

उद्यमनगरी_जिगवाला:
ताई, सुई आठवडाभर एकच, आणि ती पेनवर तशीच लावून ठेवलेली. पेन फ्रिजच्या दारात. उन्हाळ्यात दुसरीकडं कुठं ठेवणार?

वॉर्डातली_ताई:
मग तुमच्या अडीच किलोतला बराच हिस्सा तिथंच आहे. गढूळ इन्सुलिनचे कण सुईत वाळून बसतात. सुई लावून ठेवली की गार-गरम होताना औषध ठिबकतं आणि हवा आत शिरते. दर वेळी नवी सुई, टोचून झाली की लगेच काढायची. वापरातलं पेन ३० अंशांखाली असेल तर बाहेर ठेवा. चैत्र-वैशाखात घर तापतं हे कबूल, तेव्हा माठाशेजारची गार जागा चालते. किती दिवस आणि कुठं ठेवायचं ते त्या पेनच्या कागदावर असतं, तेच पाळायचं. टोचण्याआधी तळहातांत घोळवून दुधासारखं एकजीव झालं का बघायचं, आणि दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का पाहायचं.

शिरोलीकर_हल्ली_पुण्यात:
ताईंनी निम्मं काम केलं. माझी रोजीरोटी पेन आणि ऑटोइंजेक्टरच्या (आपोआप टोचणाऱ्या उपकरणांच्या) डिझाइनवरच आहे, तेव्हा उरलेलं मी सांगतो. लिव्हरआधी जोर कुठं खर्च होतो ते बघू.

३ मिलीच्या कार्ट्रिजचा आतला व्यास साधारण ९.७ मिमी, क्षेत्रफळ ७४ चौरस मिमी. एक युनिट म्हणजे १० घन मिमी, तेव्हा एका युनिटला रबरी बूच जेमतेम ०.१३५ मिमी सरकतं. २० युनिटला २.७ मिमी. तुमचं बटण तेवढ्याला ८ मिमी चालतं, म्हणजे आतल्या आट्यांनी पेनमध्ये तिप्पट फायदा आधीच करून ठेवलाय. त्यावर तुम्ही आणखी तिप्पट चढवलीत. घर्षण सोडून दिलं तर मुठीच्या एका किलोचे बुचावर नऊ किलो. सुई तुंबलेली असली की हा जोर आट्यांवर आणि क्लचच्या बारीक दातांवर येणार. म्हणून स्प्रिंग नकोच. मूठ अडथळा जाणवून थांबते, स्प्रिंग रेटतच राहते.

आता सुई. एवढ्या बारीक भोकातला प्रवाह लॅमिनार, म्हणजे भोवरे न होता थराथरानं जाणारा, असतो आणि लागणारा दाब त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. भोक दहा टक्क्यांनी आकसलं की त्याच वेगाला दाब दीडपट. ३१ गेजची सुई बाहेरून पाव मिलिमीटर, आतली वाट त्याहून कितीतरी अरुंद, तिथं वाळलेल्या कणांचा थर किती महागात पडतो ते तुम्हीच काढा. त्याच गेजमध्ये पातळ भिंतीच्या सुया मिळतात, भोक मोठं असतं, त्या घ्या. तापमानाचंही तसंच. पाण्याची व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) ५ अंशांना १.५ मिलिपास्कल-सेकंद, २५ अंशांना ०.९. फ्रिजमधून काढल्या काढल्या दाबलं तर सुईतला विरोध दीडपटीहून जास्त. आणि हा विरोध वेगाच्या प्रमाणात वाढतो. निम्म्या वेगानं दाबलं तर निम्मा. बुचाचं काचेवरचं घर्षण मात्र फारसं हटत नाही, त्यामुळं काट्यावरचा एकूण आकडा निम्म्यावर येणार नाही. तरी सावकाश दाबणं ही फुकटात मिळणारी लिव्हर आहे.

एवढं करून काटा काय म्हणतो ते कळवा. मग नमुन्याकडं वळू. जमलं तर त्याचा फोटोही टाका.

उद्यमनगरी_जिगवाला:
नवी पातळ भिंतीची सुई, पेन खोलीच्या तापमानाला, सावकाश दाबलं. काटा सव्वा किलोच्या आसपास राहतो. निम्मा झाला की! पण मावशीला तेवढंही पेलत नाही, शेवटच्या चार-पाच युनिटला अंगठा थरथरतो. म्हणजे काहीतरी बसवावं लागणारच. फोटो टाकलाय. लिव्हरचा पिव्हट (ती जिथं फिरते ती खीळ) क्लॅम्पवर, बटणाच्या मध्यापासून २५ मिमीवर. दाबायचं टोक चपटं आहे, बटणावरून सरकू नये म्हणून त्याला कडेनं वाटीसारखी किनार दिलीय.

शिरोलीकर_हल्ली_पुण्यात:
त्या किनारीनंच घात केलाय. बहुतेक पेनमध्ये दाबताना आकड्यांची नळी गोल फिरत आत जाते आणि वरचं बटण न फिरता खाली येतं. फोटोत तुमची किनार नळीला घासताना दिसते. नळी फिरायची थांबली की डोस थांबला. किनार काढून टाका. टोकानं फक्त बटणाच्या माथ्याला, तेही मधोमध शिवायचं.

दुसरं कारण भूमितीचं. लिव्हरचं टोक वर्तुळात फिरतं, बटण सरळ चालतं. २४ युनिटला स्ट्रोक, म्हणजे बटणाची चाल, सुमारे १० मिमी. सुरुवातीला लिव्हर पेनला काटकोनात ठेवलीत तर २५ मिमीच्या आर्मवर टोक शेवटी २.१ मिमी आत सरकतं आणि बटण तिरकं रेटतं. स्ट्रोकच्या मध्यावर काटकोन येईल असा पिव्हट खाली घेतलात तर हेच सरकणं अर्ध्या मिलिमीटरवर येतं. टोकाला छोटं बेअरिंग रोलरसारखं बसवा, उरलेलं तेही निघून जाईल. उद्यमनगरात ६ मिमीचं बेअरिंग चहापेक्षा लवकर मिळतं!

प्रमाण १:२ पुरे. सव्वा किलोचे साडेसहाशे ग्रॅम झाले, मुठीला २० मिमी चालावं लागलं. पीएलए नमुन्यापुरतं ठीक, पण सतत भाराखाली ते हळूहळू वाकतं आणि साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. लिव्हर डेलरीन या कडक प्लास्टिकच्या रॉडमधून काढा, पिन स्टीलची.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. खिडकीत शून्य आलं म्हणजे औषध संपलं असं नाही. रबरी बूच दाबाखाली चेपलेलं असतं, कार्ट्रिजमध्ये हवेचा बुडबुडा असला तर तोही, आणि ते सावकाश मोकळं होताना सुईतून थेंब येत राहतात. म्हणून दहा सेकंद सुई आतच ठेवून बटण दाबून धरायचं असतं. थकलेल्या मुठीला हे सगळ्यात अवघड. तुमच्या सोयीचं असं की डोस २४ असो की १६, बटण शेवटी एकाच जागी येतं. तिथं लिव्हरला हलकी खाच द्या, म्हणजे ती आपली आपण धरून राहील आणि बोटाच्या धक्क्यानं सुटेल. क्लॅम्पनं खिडकी झाकू नका.

डोस तपासायला प्रयोगशाळा नको. गुजरीत कुणी सराफ ओळखीचा असेल तर त्याचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा मागा. १ युनिट म्हणजे जवळपास १० मिलिग्रॅम. झाकणाच्या छोट्या बाटलीत थोडं लिक्विड पॅराफिन घाला, नाहीतर वजन होईपर्यंत औषध उडून जातं. सुईचं टोक त्यात बुडवून डोस सोडा, दहा सेकंद थांबा, फरक वाचा. मुदत संपलेलं कार्ट्रिज वापरा, मावशीचं चालू औषध नको. एक युनिटच्या पायरीच्या पेनला आयएसओ ११६०८-१ या इंजेक्शन पेनच्या आंतरराष्ट्रीय मानकात २० युनिटपर्यंत एक युनिट इकडं-तिकडं आणि त्यावर पाच टक्के अशी मर्यादा आहे. १६ ला १५० ते १७०, २४ ला २२८ ते २५२ मिलिग्रॅम. आधी हातानं दाबून, मग लिव्हरनं, दोन्ही ओळी शेजारी लिहा. पेनच्या अचूकतेची परीक्षा तुम्हाला घ्यायची नाही. लिव्हरनं फरक पडतो का, एवढंच बघायचंय.

वॉर्डातली_ताई:
एक जोडते. डायल फिरवतानाच आत टॉर्शन स्प्रिंग ताणली जाते आणि टोचताना बटणाला नुसता स्पर्श पुरतो, अशी तयार पेन असतात. फ्लेक्सटच नावाचं पेन त्यातलंच, बटण बाहेरही येत नाही. मावशींच्या प्रकारचं इन्सुलिन तशा पेनमध्ये मिळतं का, की डॉक्टर बदलून देतील, हे विचारून ठेवा. परस्पर बदलू नका. आणि लिव्हर झाली की वापरण्याआधी एकदा त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

रंकाळा_टाइम:
सिरिंजचं त्या माणसाला सांगितलं. ताई, आभार. जिगवाल्या भावा, हे जमलं तर विकायला काढ, लई खपेल.

शिरोलीकर_हल्ली_पुण्यात:
घरच्या माणसाला करून देणं वेगळं, विकणं वेगळं. १ एप्रिल २०२० पासून उपकरणाची ॲक्सेसरीसुद्धा वैद्यकीय उपकरणातच धरली जाते आणि वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. अ आणि ब वर्गाचं, म्हणजे कमी जोखमीच्या उपकरणांचं, काम राज्याच्या एफडीएकडं (अन्न व औषध प्रशासनाकडं) असतं. ते करायचंच असेल तर वेगळा धागा काढा, तिथं आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता मानकापासून सुरुवात करू.

उद्यमनगरी_जिगवाला:
विकायचं आत्ता डोक्यात नाही. किनार काढली, पिव्हट खाली घेतला, डेलरीनची लिव्हर मिलिंगला लावलीय. नुसतं पाणी भरलेल्या जुन्या कार्ट्रिजवर २४ युनिट न अडकता शून्यापर्यंत गेले. खाच मात्र जास्त घट्ट झालीय, सोडताना अख्खं पेन हलतं. सुई पोटात असताना ते चालणार नाही. तिथं खाच उथळ करू की बॉल-स्प्रिंग प्लंजर (स्प्रिंगवर दबणारी गोळी असलेला स्क्रू) बसवू? प्लंजर घेतला तर किती जोराचा? गुजरीचा काटा रविवारी मिळतोय, दोन्ही ओळी इथंच टाकतो.

शिरोलीकर_हल्ली_पुण्यात:
प्लंजर, एम५ चा, सगळ्यात हलक्या स्प्रिंगचा. आणि सुटायची दिशा पेनच्या आडवी ठेवा, लांबीच्या दिशेनं नको. तळहाताला टेकणारा भाग रुंद केलात तर पेन हलायचं तेही कमी होईल.