सिम्युलिंक (मॅटलॅबमधलं सिम्युलेशनचं साधन): सेट_पॅरामने (ब्लॉकची किंमत बदलणारी कमांड) दिलेला गेन बदलून का दिसतो?

प्रश्न: पीआयडी ब्लॉकचा (कंट्रोलरचा ब्लॉक) आय गेन (इंटिग्रल भागाचा गुणक, व्हेरिएबल केआय) ०.००१२३४५६७८ आहे. नम२स्ट्रने (num2str, आकड्याचा मजकूर करणारं फंक्शन) स्ट्रिंग करून सेट_पॅरामला दिला, तर ब्लॉकमध्ये ०.००१२३४६ दिसतो. सरळ आकडा दिला की एरर. काय चुकतंय?

उत्तर १: सेट_पॅरामला किंमत स्ट्रिंगच लागते, म्हणून एरर. नम२स्ट्र अशा आकड्याचे पाचच सार्थ अंक ठेवतो. नम२स्ट्र(केआय, १५) लिहा, म्हणजे १५ सार्थ अंक राहतील.

उत्तर २: त्यापेक्षा व्हेरिएबलचं नावच कोट्समध्ये द्या, 'केआय'. आकडा वर्कस्पेसमधून (मॅटलॅब व्हेरिएबल ठेवतं ती जागा) अख्खा येतो. फक्त सिम्युलेशन चालू असताना केआय बदललात तर कंट्रोल-डी (मॉडेल अपडेट) दाबा, नाहीतर जुनीच किंमत चालत राहते. सॅम्पल टाइम (ब्लॉक किती वेळाने गणित करतो ते) मात्र चालू सिम्युलेशनमध्ये बदलत नाही, आधी थांबवा.

उत्तर ३: ब्लॉकच्या नावात तिरकी रेघ (/) असेल तर सेट_पॅरामला दिलेल्या पाथमध्ये (ब्लॉकचा पत्ता) ती दोनदा लिहा. नाहीतर ब्लॉक सापडतच नाही.